संस्थेच्या आतल्या जाळ्याचे नावही संस्थेच्याच मालकीचे असावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलेल्या धोरणानुसार देशभरातील बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली न्यावी लागली. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली होती. ही नावे देण्याचा अधिकार हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या एकाच संस्थेकडे सोपवला होता आणि नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांनाही त्यातून सूट नव्हती. त्यामुळे सहकाराचा पाया पक्का असलेल्या आपल्या राज्यात तालुक्याच्या गावातील बँकांचेही पत्ते बदलले. खरे संकेतस्थळ कोणते आणि फसवे कोणते हे ग्राहकाला नावावरूनच ओळखता यावे, हा त्यामागील हेतू रास्त आहे.

मात्र याविषयीचे बोलणे बाहेरून दिसणाऱ्या नावापाशीच थांबले. प्रत्येक बँकेच्या, पतसंस्थेच्या, महाविद्यालयाच्या आणि कारखान्याच्या आतल्या संगणक जाळ्यालाही एक नाव असते. कर्मचारी सकाळी लॉगिन करतो तेव्हा त्याचा संगणक ज्या नावाने मुख्य सर्व्हरला शोधतो, शाखेतील प्रिंटर, फाइल सर्व्हर आणि हजेरीची प्रणाली ज्या नावांनी एकमेकांपर्यंत पोहोचतात, ती ही आतली नावे होत. सहकारी संस्थांची संगणक जाळी उभारणे आणि सांभाळणे हाच माझा व्यवसाय आहे. बाहेरचे नाव संचालक मंडळाच्या सभेत चर्चेला येते, आतले नाव मात्र सर्व्हर बसवायला आलेला तंत्रज्ञ पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीत जे सुचेल ते टाकून मोकळा होतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्या काही मिनिटांत पडलेले नाव संस्थेला पुढे दीर्घकाळ वागवावे लागते, कारण सर्व संगणक, सर्व कर्मचाऱ्यांची खाती आणि सर्व परवानग्या त्या नावाला जोडल्या जातात. म्हणून या पत्राचा विषय आतले नाव हा आहे, आणि ते संस्थेने स्वतःच्या नावे नोंदवलेल्या डोमेनखालीच, म्हणजे इंटरनेटवरील नावाखालीच, असले पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

नावावरून संगणकाचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ती उतरंडीची आहे. सर्वांत वर मूळ सर्व्हर, त्यांच्याखाली 'कॉम' किंवा 'इन' यांसारखी अंत्यनामे, त्यांच्याखाली संस्थांनी नोंदवलेली नावे आणि त्याखाली प्रत्येक संस्थेने आपल्या अधिकारात पाडलेली नावे. ज्याच्याकडे एखादे नाव नोंदलेले आहे त्याला त्याखाली हवी तितकी नावे पाडता येतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही की जास्तीचे शुल्क पडत नाही. संस्थेला आतल्या जाळ्यासाठी वेगळे नाव शोधण्याची गरजच नाही, हे या रचनेतच अनुस्यूत आहे. तरीही ती वाट सोडून बहुतेकांनी आडवाटा धरल्या आणि त्यांची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिली आडवाट 'डॉट लोकल'ची. दोन दशकांपूर्वी छोट्या कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टचे 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' हे उत्पादन चांगलेच रूढ होते आणि ते बसवताना आतल्या जाळ्यासाठी 'अमुक डॉट लोकल' असे नाव आपसूक सुचवले जाई. इंटरनेटवर असे अंत्यनाम नसल्याने बाहेरच्या कोणाशी गाठ पडणार नाही, हा त्यामागचा विचार त्या काळात चुकीचा नव्हता. पण त्याच सुमारास अ‍ॅपलने आणि नंतर इतरांनी हेच अंत्यनाम निराळ्या कामाला लावले. एकाच खोलीतील उपकरणांनी कोणत्याही सर्व्हरविना एकमेकांना शोधावे यासाठीच्या पद्धतीत 'डॉट लोकल'ने संपणारे नाव दिसले की उपकरण डीएनएस सर्व्हरला न विचारता शेजारच्या सर्व उपकरणांना हाक घालते. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'आरएफसी ६७६२' या इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजाने हा वापर अधिकृत झाला आणि 'डॉट लोकल' त्या कामासाठी कायमचे राखून ठेवले गेले. परिणामी कार्यालयात विंडोजचे संगणक सुरळीत चालतात, पण एखाद्या अधिकाऱ्याने मॅक किंवा लिनक्सचा लॅपटॉप जोडला की तोच फाइल सर्व्हर कधी उशिरा सापडतो आणि कधी सापडतच नाही. तंत्रज्ञ केबल बदलतो, स्विच बदलतो, वायरमनला बोलावतो. दोष नावात असेल, अशी शंका कोणाला येत नाही.

दुसरी आडवाट अधिक धोक्याची आहे. आज जे नाव कोणाचे नाही ते उद्याही कोणाचे नसेल असे गृहीत धरून ते वापरणे, किंवा नाव आतच वापरायचे आहे म्हणून ते बाहेर दुसऱ्याचे असले तरी चालेल असे मानणे, अशी तिची दोन रूपे आहेत. दुसऱ्या रूपाचे सर्वांत ठळक उदाहरण 'कॉर्प डॉट कॉम' या नावाचे आहे. अमेरिकेतील माइक ओ'कॉनर या गृहस्थांनी ते १९९४ मध्ये नोंदवले होते. पुढे विंडोज २००० बरोबर संगणक, खाती आणि परवानग्या एका ठिकाणाहून सांभाळणारी 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' ही व्यवस्था आली तेव्हा अनेक कंपन्यांनी आतल्या जाळ्याचे नाव उदाहरणादाखल दिलेल्या 'कॉर्प' या शब्दावरच ठेवले. कार्यालयात असेपर्यंत त्यांचे संगणक आतल्या सर्व्हरशी बोलत. पण तोच लॅपटॉप विमानतळावर किंवा हॉटेलात उघडला की नावाचा शोध बाहेरच्या इंटरनेटवर जाई आणि 'कॉर्प डॉट कॉम'च्या दारात पोहोचे. जेफ श्मिट या सुरक्षातज्ज्ञाने २०१९ मध्ये या नावाकडे येणाऱ्या वाहतुकीचा अभ्यास केला तेव्हा पावणेचार लाखांहून अधिक विंडोज संगणक तिकडे अशी माहिती पाठवू पाहत असल्याचे दिसले, जी तिथे जायचे काहीच कारण नव्हते. तीत लॉगिनचे प्रयत्नही होते. फेब्रुवारी २०२० मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी हे प्रकरण उजेडात आणले. त्या वेळी मालकाने नावाची किंमत १७ लाख डॉलर सांगितली होती. गुन्हेगारांच्या हाती ते पडू नये म्हणून अखेर त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. ओ'कॉनर यांनी ते नाव इतकी वर्षे जबाबदारीने सांभाळले, हे त्या हजारो कर्मचाऱ्यांचे भाग्य म्हणावे लागेल. संस्थेची सुरक्षा परक्या माणसाच्या सज्जनपणावर अवलंबून ठेवण्याचा हा प्रकार होता.

पहिल्या रूपाची कथा २०१२ मध्ये सुरू झाली. नावांच्या जागतिक व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या 'आयकॅन'ने त्या वर्षी नव्या अंत्यनामांसाठी अर्ज मागवले आणि एकूण १,९३० अर्ज आले. त्यांत 'होम', 'कॉर्प' आणि 'मेल' हीही नावे होती. जगभरातील खासगी जाळ्यांत हे शब्द आधीपासून इतके वापरात होते की त्यांची विचारणा मूळ सर्व्हरांपर्यंत सतत गळत असे, आणि ही तीन नावे द्यायची नाहीत असे आयकॅनच्या मंडळाला फेब्रुवारी २०१८ मध्ये ठरवावे लागले. पण बाकीची शेकडो नावे दिली गेली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षे चाचणीसाठी वापरलेले 'डॉट डेव्ह' गुगलकडे गेले. २०१७ च्या अखेरीस आलेल्या क्रोमच्या आवृत्तीने त्या नावाच्या प्रत्येक पत्त्यासाठी सुरक्षित जोडणी सक्तीची केली, तेव्हा ज्यांची आतली चाचणीची संकेतस्थळे त्या नावावर होती ती एका रात्रीत उघडेनाशी झाली. नवीन अंत्यनामे सुरू करताना काही काळ प्रत्येक विचारणेला १२७.०.५३.५३ हा मुद्दाम निवडलेला पत्ता उत्तरादाखल देण्याची योजना होती. तो विचित्र पत्ता पाहून व्यवस्थापकाने सावध व्हावे, ही अपेक्षा. पण जिथे नोंदी वाचायला माणूसच नेमलेला नाही तिथे हा इशारा कोण पाहणार? नव्या अंत्यनामांच्या पुढच्या फेरीचे अर्ज एप्रिल २०२६ पासून घेण्याचे आयकॅनने ठरवले, म्हणजे आज मोकळी वाटणारी आणखी काही नावे येत्या काळात कोणाच्या तरी मालकीची होतील.

याच्या जोडीला प्रमाणपत्रांचा प्रश्न आहे. पूर्वी 'मेल' किंवा 'सर्व्हर डॉट लोकल' अशा आतल्या नावांनाही बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्था सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हर खरोखर त्याच नावाचा असल्याची डिजिटल ग्वाही, देत असत. असे प्रमाणपत्र एका संस्थेने घेतले तर ते त्याच नावाच्या दुसऱ्या संस्थेच्या जाळ्यातही खरे ठरे, हा उघड धोका होता. म्हणून १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारी अशी प्रमाणपत्रे बंद करण्यात आली आणि जी उरली होती ती १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करण्यात आली. तेव्हापासून मालकी सिद्ध न होणाऱ्या नावाला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळत नाही. आज अनेक कार्यालयांत आतली प्रणाली उघडताना ब्राउझर लाल सूचना दाखवतो आणि कर्मचारी सवयीने 'तरीही पुढे जा' यावर बोट ठेवतो. याच कर्मचाऱ्याला आपण ग्राहकांसमोर सायबर सुरक्षेचे फलक लावायला सांगतो. लाल सूचनेकडे दुर्लक्ष करण्याचे शिक्षण त्याला आपल्याच जाळ्याने दिलेले असते.

ही सगळी भीती टाळण्यासाठी काही संस्था तिसरा मार्ग घेतात आणि संकेतस्थळाचे नाव जसेच्या तसे आतल्या जाळ्यालाही देतात. मालकी स्वतःची असल्याने हा मार्ग वरच्या दोहोंपेक्षा बरा आहे, पण तो सांभाळायला कठीण आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये जाळ्याचे मुख्य नाव नेहमी आतल्या लॉगिन सर्व्हरकडे बोट दाखवते. समजा, बँकेचे नाव 'अमुकबँक डॉट को डॉट इन' आहे आणि आतही तेच आहे. ग्राहकाने घरून हे नाव टाकले की संकेतस्थळ उघडते. मुख्य कार्यालयातील कर्मचाऱ्याने टाकले तर मात्र विचारणा लॉगिन सर्व्हरवर जाते आणि पडदा कोरा राहतो. आधी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावले तर उघडते, तेही कोणीतरी आतल्या सर्व्हरवर तशी नोंद हाताने केली असेल तर. मग उपाय म्हणून लॉगिन सर्व्हरवरच वेब सर्व्हर बसवून विचारणा पुढे ढकलण्याची युक्ती केली जाते आणि ज्या यंत्रावर संस्थेचे सारे पासवर्ड आहेत तिथे एक नवा दरवाजा उघडतो. आणखी एक प्रसंग नेहमीचा आहे. संकेतस्थळ सांभाळणारा ठेकेदार होस्टिंग बदलतो, बाहेरच्या नोंदी बदलतो, पण आतल्या नोंदी बदलायला कोणी सांगितलेले नसते. सगळ्या जगाला नवे संकेतस्थळ दिसते आणि फक्त बँकेच्या कर्मचाऱ्यांना जुने दिसत राहते किंवा काहीच दिसत नाही. एकाच नावाच्या दोन वह्या दोन माणसांकडे असल्या आणि त्या दोघांची गाठ पडत नसली, की असेच होणार.

यावरचा सरळ उपाय म्हणजे स्वतःच्या नोंदणीकृत नावाखाली नावाची एक शाखा (सबडोमेन) काढून ती पूर्णपणे आतल्या जाळ्यासाठी ठेवणे. बाहेरचे नाव 'अमुकबँक डॉट को डॉट इन' असेल तर आतले 'एडी डॉट अमुकबँक डॉट को डॉट इन' किंवा 'इंट डॉट अमुकबँक डॉट को डॉट इन'. मायक्रोसॉफ्टचा सल्लाही आता हाच आहे. या शाखेच्या नोंदी फक्त आतल्या डीएनएस सर्व्हरवर असाव्यात, बाहेरच्या सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसावा. त्यामुळे दोन वह्यांमध्ये एकच नाव दोनदा लिहिले जात नाही. कर्मचारी लॅपटॉप घेऊन घरी गेला आणि त्याच्या यंत्राने बाहेर विचारणा केली, तरी ती आपल्याच डीएनएस सर्व्हरकडे येते आणि 'असे नाव नाही' हे उत्तर आपणच देतो. व्हीपीएनने कार्यालयाच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी केली की तेच नाव नीट सापडते. आतल्या सर्व्हरला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवे असेल तर डीएनएसमध्ये एक तात्पुरती नोंद करून नावावरील ताबा सिद्ध करता येतो. सर्व्हर इंटरनेटवर उघडा करावा लागत नाही. इथे एक सावधगिरी मात्र हवी. अशी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवह्यांत प्रसिद्ध होतात, तेव्हा सर्व्हरच्या नावातून आतल्या प्रणालीचा तपशील उघड होणार नाही हे पाहावे किंवा नावाच्या संपूर्ण शाखेसाठी एकच प्रमाणपत्र घ्यावे. बँकांनी 'डॉट बँक डॉट इन'चे नाव केवळ ग्राहकसेवेसाठी ठेवून आतल्या जाळ्यासाठी स्वतःच्या मालकीचे दुसरे नाव वापरले तरी चालेल. ते नाव खरोखर नोंदवलेले आणि जपलेले असले म्हणजे झाले.

आयकॅनच्या मंडळाने २९ जुलै २०२४ रोजी 'डॉट इंटर्नल' हे अंत्यनाम खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले आहे, मग तेच का वापरू नये, असा प्रश्न जाणकार विचारतील. घरगुती जाळी, प्रयोगशाळा, जोडणी नसलेली यंत्रे यांच्यासाठी तो चांगला पर्याय आहे. पण ते नाव सर्वांचे आहे, म्हणजेच कोणा एकाचे नाही. सहकारी बँकांची विलीनीकरणे आपण वरचेवर पाहतो. विलीन होणाऱ्या दोन्ही बँकांत आतले नाव 'बँक डॉट लोकल' किंवा उद्या 'बँक डॉट इंटर्नल' असले, तर त्यांच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरींमध्ये विश्वासाचे नाते, म्हणजे एका जाळ्यातील खाती दुसऱ्यात चालण्याची सोय, जोडताच येत नाही, कारण एकाच नावाची दोन जाळी ती व्यवस्था मान्य करत नाही. मग एका बँकेचा प्रत्येक संगणक हाताने बाहेर काढून नव्या जाळ्यात घ्यावा लागतो, प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते पुन्हा बनवावे लागते, आणि हे सारे ठेवीदार काउंटरवर रांगेत उभे असताना करायचे असते. नाव बदलून टाकण्याची सोय कागदावर आहे, पण त्याच जाळ्यात एक्स्चेंजचा ईमेल सर्व्हर असेल तर गेल्या अनेक आवृत्त्यांपासून मायक्रोसॉफ्ट त्याला पाठिंबा देत नाही. जगात एकमेव असलेले नोंदणीकृत नाव आधीपासून असते तर यातले बरेचसे कष्ट वाचले असते.

आता 'डॉट बँक डॉट इन'कडे परत येतो, कारण माझी सर्वांत मोठी काळजी तिथेच आहे. नवे नाव मिळाल्यावर जुन्या नावाचे नूतनीकरण कशाला करायचे, वर्षाचे हजार-दीड हजार रुपये वाचतील, असा हिशेब काही ठिकाणी मांडला जाईल. तसे कृपा करून करू नये. जुने नाव पासबुकांवर, ठेवपावत्यांवर, दिनदर्शिकांवर, शाखांच्या पाट्यांवर छापलेले आहे. ग्राहक, पुरवठादार आणि सरकारी कार्यालये जुन्या ईमेल पत्त्यावर वर्षानुवर्षे पत्रे पाठवत राहणार. इतर प्रणालींमधील खात्यांचे पासवर्ड पुन्हा मिळवण्याचे दुवे त्याच पत्त्यांवर येणार. नाव सुटले आणि दुसऱ्याने घेतले, तर त्याला केवळ ईमेल स्वीकारण्याची सोय केली तरी हे सगळे टपाल घरपोच मिळेल. आणि आतल्या जाळ्याचे नाव जुन्या नावावरच बेतलेले असेल, जे पुष्कळ ठिकाणी आहे, तर कार्यालयाबाहेर उघडलेला प्रत्येक लॅपटॉप आपला लॉगिन सर्व्हर नव्या मालकाकडे शोधू लागेल. 'कॉर्प डॉट कॉम'ला जे अपघाताने घडले ते आपण हिशेबापायी स्वतःहून ओढवून घेऊ. जुने नाव आतल्या जाळ्यातून पूर्ण हद्दपार होईपर्यंत तर नाहीच, त्यानंतरही ते सोडू नये. माझ्या मते बँकेने एकदा वापरलेले नाव बँक अस्तित्वात असेपर्यंत बँकेकडेच राहिले पाहिजे.

नाव आपले आहे असे समजणे आणि ते खरोखर आपले असणे, यांतही अंतर असते. एका संस्थेचे काम हाती घेतले तेव्हा तिचे डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्या ठेकेदाराने स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर नोंदवल्याचे आढळले. ठेकेदाराशी बिलावरून वाद होता आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. संस्थेकडे त्या नावाच्या मालकीचा एकही कागद नव्हता. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरील जमिनीत विहीर खोदावी, तशी त्यांची स्थिती झाली होती. नोंदणी संस्थेच्या कायदेशीर नावाने असावी. संपर्काचा ईमेल पदाचा असावा, व्यक्तीचा नसावा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले तर सूचनाही बंद पडतात. नोंदणी एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते, ती तशी करावी. डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडील (रजिस्ट्रारकडील) खात्याला दुहेरी पडताळणी असावी आणि त्याचा तपशील सचिवांच्या ताब्यातील दप्तरात असावा. इथे जाता जाता एक नोंद. 'डॉट इन' हे अंत्यनाम १९८९ मध्ये भारताकडे आले तेव्हा त्याचा कारभार मुंबईच्या जुहू येथील 'एनसीएसटी' या संस्थेतून चाले. २००५ मध्ये तो 'निक्सी' या संस्थेच्या नोंदणी व्यवस्थेकडे गेला आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. देशाच्या नावांची वही एके काळी आपल्याच राज्यात ठेवली जात होती, आणि आज आपल्या संस्थांना स्वतःच्या नावाचा ठावठिकाणा नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आतल्या नावाखाली संगणकांची नावे पाडतानाही थोडा विचार हवा. विंडोजच्या जुन्या पद्धतीनुसार संगणकाच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. इचलकरंजी हे नाव रोमन लिपीत लिहिले की १२ अक्षरे तिथेच संपतात, विभाग आणि क्रमांक यांना तीनच उरतात. शिवाय गावांच्या नावांचे रोमन स्पेलिंग प्रत्येक तंत्रज्ञ आपापल्या पद्धतीने करतो आणि गावांची नावे बदलतातही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर येथील शाखांच्या संगणकांवर जुनी नावे तशीच राहिली असतील तर नवल नाही, कारण सर्व्हरचे नाव बदलणे पाटी बदलण्याइतके सोपे नसते. त्यापेक्षा आयएफएससी क्रमांकातील शेवटच्या सहा स्थानांचा शाखासंकेत वापरावा. तो सर्वांना पाठ असतो, सहसा बदलत नाही आणि एकाच बँकेच्या दोन शाखांचा एक असत नाही. प्रणालींना मात्र त्या ज्या यंत्रावर बसवल्या आहेत त्याचे नाव न देता कामाचे स्वतंत्र नाव द्यावे, म्हणजे यंत्र बदलले तरी कर्मचाऱ्यांना सांगितलेला पत्ता बदलत नाही.

ज्यांचे आतले जाळे आज 'डॉट लोकल'वर चालते आहे त्यांनी ते उद्याच मोडावे असे माझे म्हणणे नाही. जिथे सगळे विंडोज संगणक आहेत आणि बाहेर जाणारे लॅपटॉप मोजके आहेत, तिथे ते आणखी काही वर्षे चालेल. पण सर्व्हर बदलण्याची, कोअर बँकिंगची नवी प्रणाली घेण्याची किंवा विलीनीकरणाची वेळ येईल तेव्हा नावाचा निर्णय सर्वांत आधी झाला पाहिजे, आणि त्याचा ठराव इतिवृत्तात आला पाहिजे. नव्याने जाळे उभारणाऱ्या पतसंस्था, शाळा आणि रुग्णालये यांना तर जुने ओझे नाहीच. त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाखालील शाखा वापरावी. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही, एक तास विचार करावा लागतो.

नागरी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संघांना, तसेच माहिती प्रणालींची तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या प्रश्नावलीत चार प्रश्न घालावेत : संस्थेच्या आतल्या जाळ्याचे पूर्ण नाव काय, ते नाव किंवा त्याच्या वरचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे, त्याची मुदत कधी संपते, आणि 'डॉट बँक डॉट इन'पूर्वीचे नाव आज कोणाच्या ताब्यात आहे. उत्तरांसोबत नोंदणीचा उतारा जोडणे बंधनकारक करावे आणि तो दरवर्षीच्या तपासणीत पुन्हा पाहिला जावा.

आपला विश्वासू,
एक संगणक जाळे व्यवस्थापक, सांगली